द्वादशीची सकाळ आणि पाचवा होल

येत्या रविवारी पौषातली द्वादशी आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा हिशोब आमच्या किनाऱ्यावर लहान मुलांनाही येतो. बाराची पाऊणपट नऊ, म्हणजे सकाळी नऊच्या सुमारास खाडी काठोकाठ भरेल. त्या सकाळी खाजणाकाठच्या आमच्या डिस्क गोल्फच्या मैदानावर पाण्याचे तीन होल खेळायचे की वगळायचे, हे मला शनिवारी रात्रीपर्यंत भाच्याला कळवायचे होते. गेले दोन महिने हा प्रश्न माझ्या डोक्यात आहे. त्याचे उत्तर शोधताना मला माझ्या फेकीचा पल्ला, वारा, भरती, डिस्कचे वजन आणि ज्यांचे पोट खाडीवर चालते त्या माणसांचे पाय, या सगळ्यांचा विचार करावा लागला. किनारपट्टीवर हा खेळ आज ना उद्या आणखी कोणीतरी सुरू करील आणि पाण्याच्या काठावर उभे राहून त्यालाही हेच ठरवावे लागेल, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

डिस्क गोल्फ ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. गोल्फमध्ये काठीने चेंडू मारत खड्ड्यापर्यंत न्यायचा असतो. इथे हाताने तबकडी फेकत साखळ्या लावलेल्या लोखंडी टोपलीपर्यंत न्यायची असते, अशा एका टोपलीपर्यंतच्या टप्प्याला होल म्हणतात, आणि ज्याच्या फेकी कमी तो जिंकतो. या खेळाला आजचे रूप दिले ते अमेरिकेतल्या एड हेड्रिक यांनी. फ्रिस्बी बनवणाऱ्या कंपनीत ते कामाला होते. कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये १९७५ साली त्यांनी पहिले कायमस्वरूपी मैदान आखले, १९७६ साली पीडीजीए ही खेळाडूंची संघटना स्थापन केली, आणि साखळ्यांच्या टोपलीचे पेटंटही त्यांनीच घेतले. खेळाची डिस्क फ्रिस्बीपेक्षा लहान, जड आणि कडेला धारदार असते. नियमाप्रमाणे तिचे वजन व्यासाच्या दर सेंटीमीटरमागे ८.३ ग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही, म्हणजे २१ सेंटीमीटरच्या डिस्कला सुमारे १७४ ग्रॅमची मर्यादा येते.

आमच्याकडे हा खेळ माझ्या भाच्याने आणला. तो दक्षिण कॅरोलायनात शिकायला होता. तिथल्या रॉक हिल गावी विन्थ्रॉप विद्यापीठाच्या तलावाकाठी १९९९ पासून अमेरिकेची मोठी स्पर्धा भरते, ती पाहून त्याला या खेळाचे वेड लागले. गेल्या दिवाळीत तो गावी आला तेव्हा त्याच्या बॅगेत अकरा डिस्क होत्या. दापोली तालुक्यातल्या आमच्या गावी खाडीलगत आजोबांच्या वेळची खारी शेती आहे. बांधाला दोनदा खांड पडल्यापासून तिथे भात घेणे आम्ही सोडले आहे. त्या पडीक खाचरांतून, बांधाच्या कडेने आणि आमच्या कलमांच्या बागेतून आम्ही दोघांनी मिळून नऊ होल आखले. टोपल्या गावातल्या वेल्डरने गज वाकवून केल्या. टोपलीची कड जमिनीपासून साधारण ८२ सेंटीमीटरवर असावी लागते, ते माप त्याने काटेकोर सांभाळले, आणि गोठ्यात गंजत पडलेल्या गुरांच्या साखळ्या कापून त्यांना लावल्या. डिस्क साखळ्यांत शिरली की जो आवाज होतो, तो ऐकून आई पहिल्या दिवशी गोठ्याकडे बघायला उठली होती. जमिनीत आम्ही काही पुरलेले नाही. टोपल्या चौकटीवर उभ्या राहतात आणि मृगाआधी उचलून पडवीत येतील.

पहिले चार होल कलमांतून आणि सुक्या खाचरांतून जातात. त्यांच्याबद्दल विशेष सांगण्यासारखे नाही. डिस्क फार तर आंब्याच्या फांदीत अडकते आणि आकडीने काढता येते. पाचवा होल मात्र खाडीच्या एका फाट्यावरून जातो. हा फाटा मोठ्या खाडीतून निघून दक्षिणेला आमच्या बांधापर्यंत येतो आणि बांधातल्या उघाडीपाशी, म्हणजे पाणी सोडायच्या झडपेपाशी, संपतो. खेळाडूने पूर्वेच्या काठावर उभे राहून पश्चिमेच्या काठावर फेकायचे असते. मधले पाणी पंचेचाळीस मीटर रुंद आहे, आणि ते निर्धोक ओलांडायचे तर डिस्क पासष्ट मीटर तरी गेली पाहिजे. सातव्या होलची टोपली बांधाच्या आतल्या तळ्यात एका उंचवट्यावर आहे. आठवा होल मोठ्या खाडीच्या काठाकाठाने जातो आणि त्याच्या डाव्या हाताला सुरुवातीपासून शेवटपर्यंत कांदळवन आहे.

दिवाळीनंतरच्या एका संध्याकाळी मी पाचव्या होलवर माझी पहिली डिस्क पाण्यात घालवली. नारिंगी रंगाची, १७२ ग्रॅम वजनाची ती डिस्क होती. हातातून सुटल्यावर ती सरळ निघाली, पाण्याच्या मध्यावर समोरचा वारा तिच्या पोटाखाली शिरला, नाक वर झाले, ती क्षणभर हवेत थांबल्यासारखी दिसली आणि मग सपाट पडली. पडल्यावर ती लगेच बुडाली नाही. तिच्या पोटात हवा कोंडली होती, म्हणून ताटलीसारखी पाण्यावर बसून ती हळूहळू मोठ्या खाडीकडे सरकू लागली, कारण ओहोटी लागली होती. मी काठाने तिच्याबरोबर चालत राहिलो. हात पोचण्यासारखा नव्हता. दोन-तीन मिनिटांनी एक बारीकशी लाट तिच्या कडेवरून गेली, हवेचा एक बुडबुडा बाहेर आला, डिस्क एका अंगावर कलली आणि गढूळ पाण्यात नारिंगी रंग फिका होत होत दिसेनासा झाला.

नियमाने पाहिले तर हे प्रकरण अगदी सोपे आहे. पाणी हद्दीबाहेर धरलेले असेल आणि डिस्क त्यात थांबली, तर एका फेकीचा दंड बसतो. पाण्यात पडलेली डिस्क केवळ पाण्यामुळे हलत असेल तर ती थांबलेलीच धरतात, म्हणून ती वाहत वाहत काठाला लागली तरी दंड चुकत नाही. पुढची फेक आधीच्या जागेवरून करावी, किंवा डिस्क शेवटची हद्दीत होती त्या ठिकाणापासून एक मीटरच्या आत उभे राहून करावी. मैदान आखणाऱ्याने त्यासाठी वेगळी जागा नेमून दिलेली असेल तर तिथूनही करता येते. हद्दीची रेघसुद्धा हद्दीबाहेरच मोजतात. आमच्या खाडीत अडचण एवढीच होती की पाण्याची कड दर तासाला बदलते आणि उधाणाच्या दिवशी ती भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या, दिवसापेक्षा बरीच आत येते. त्यामुळे आम्ही दोन्ही काठांवर बांबूच्या खुंट्या ठोकून सुतळी बांधली आणि सुतळीपलीकडचे सगळे, पाणी असो वा ओला चिखल, हद्दीबाहेर ठरवले.

दंडाची एक फेक मोजली की खेळापुरता तो प्रश्न संपतो. म्हणून मी आधी खेळापुरताच हिशोब मांडला. पाचवा होल पाण्यावरून साधला तर मला तीन फेकी लागतात. डिस्क पाण्यात गेली तर दंड धरून पाच होतात. पाण्याला हात न लावता बांधावरून वळसा घालून गेलो तर चार होतात. याचा अर्थ असा की निम्म्यापेक्षा जास्त वेळा पाणी ओलांडता येत असेल तरच सरळ फेकण्यात फायदा आहे. निम्मे म्हणजे किती, हे मनात धरून चालत नाही, ते मोजावे लागते. मी सुक्या खाचरात पासष्ट मीटरवर दोरी टाकली आणि वीस फेकी केल्या. वारा पडलेला असताना तेरा फेकी दोरीपलीकडे गेल्या. संध्याकाळी पश्चिमेकडे तोंड करून, वाऱ्याविरुद्ध, आठच गेल्या. तेराला सरासरी ३.७ फेकी पडतात, म्हणजे वळशापेक्षा बरे, आठला ४.२ पडतात, म्हणजे वळसा बरा. नवीन खेळाडू इथेच फसतात, कारण प्रत्येकाला आपली आयुष्यातली सर्वांत लांब फेक आठवते आणि तोच आपला पल्ला वाटतो. डेव्हिड विगिन्स ज्युनियर या अमेरिकी खेळाडूने २०१६ साली ३३८ मीटरची फेक केली, हे खरे आहे. पण ती नेवाडाच्या वाळवंटात, पाठीवर जोरदार वारा घेऊन केली होती. पाण्यावर उभे राहिल्यावर वीसांतली दहावी फेक कुठे पडते, तेवढाच पल्ला आपला समजावा.

हा हिशोब झाल्यावर मला वाटले होते की प्रश्न सुटला. मग काकी घरी आल्या.

आमच्या शेजारच्या वाडीतल्या काकी ओहोटीला खाडीत उतरून तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, काढतात. चिखलात वाकून, पायाच्या बोटांनी चाचपत, हाताने उकरत त्या दोन-तीन तास काम करतात. त्या दिवशी सकाळी अंगणात येऊन त्यांनी पदराखालून माझी नारिंगी डिस्क काढली. ती राखेने घासून स्वच्छ केलेली होती, तरी तिच्या कडेला पांढरे, खरखरीत, मोहरीएवढे कवच ठिकठिकाणी चिकटलेले होते आणि मधला छाप जवळजवळ पुसला गेला होता. डिस्कमध्ये पसाभर तिसऱ्या होत्या.

“हे तुझंच ना रे? पायाखाली आलं,” त्या म्हणाल्या. “खाडीत काच लागते, पत्रा लागतो. त्यात हे आणखी नको.”

त्यांच्या उजव्या पायाच्या अंगठ्याशी चिरले होते. ते डिस्कने नव्हे, कालवांच्या धारेने चिरले असे त्यांनीच सांगितले. पण डिस्कवर पाय पडून तोल गेला आणि म्हणून तो कालवांवर गेला, हेही सांगितले. मी तिसऱ्या ठेवून घेतल्या, कारण परत दिल्या असत्या तर त्यांना राग आला असता. डिस्क मात्र पडवीत समोर टांगली आणि त्या दिवसापासून माझ्या हिशोबात एक गोष्ट वाढली. पाण्यात गेलेल्या डिस्कची किंमत एक दंड आणि बाजारातले काही रुपये एवढीच नसते. ती डिस्क कोणाच्या तरी कामाच्या जागी जाऊन पडते आणि तिथे वर्षानुवर्षे तशीच राहते. मी ठरवले की जी डिस्क परत आणता येणार नाही, ती पाण्यावरून फेकायची नाही.

भाच्याला मी हे फोनवर सांगितले तेव्हा तो लगेच म्हणाला, “मामा, मग तरंगणाऱ्या डिस्क वापरू.” अशा डिस्क मिळतात, आणि त्याच्या अकरामध्ये तीन होत्या. आपल्या आकारमानाइतक्या पाण्यापेक्षा जी वस्तू जड ती बुडते. डिस्कचा आकार साधारण तोच ठेवून वजन दीडशे ग्रॅमच्या खाली आणले की ती तरंगण्याच्या हद्दीत येते. ‘साधारण’ या शब्दावर मात्र मी विसंबलो नाही. विहिरीजवळच्या दगडी डोणीत पाणी भरून मी सगळ्या डिस्क एकेक करून त्यात बुडवल्या. बुडवताना उलटी करून पोटातली हवा काढून टाकावी लागते, नाहीतर जड डिस्कही तरंगल्याचा भास होतो. आठ डिस्क तळाला गेल्या, दोन वर आल्या. अकरावी, १४८ ग्रॅमची निळी डिस्क, ना बुडाली ना तरंगली. पृष्ठभागाच्या दोन बोटे खाली ती पाण्यात लोंबकळत राहिली आणि बोटाने ढकलली की सावकाश खाली जाऊन तितक्याच सावकाश परत येई. मग मी बांधावर जाऊन भरतीच्या वेळी घागरभर खाडीचे पाणी आणले, परातीत ओतले आणि तीच डिस्क त्यात सोडली. तिची कड पाण्याबाहेर आली. समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा शेकडा अडीच भाग जड असते. खाडीचे त्याहून थोडे कमी धरले तरी दीडशे ग्रॅमच्या डिस्कला तीन ग्रॅमच्या आसपास जास्तीचा आधार मिळतो, आणि निळ्या डिस्कला तेवढा पुरेसा होता. पावसाळ्यात खाडी गोडी होते तेव्हा हीच डिस्क बुडेल, पण त्या दिवसांत आम्ही खेळणारही नाही.

इथे खरी अडचण सुरू झाली. तरंगणारी डिस्क हलकी असते, आणि हलकी डिस्क समोरच्या वाऱ्यात टिकत नाही. उजव्या हाताने बॅकहँड फेकलेली डिस्क वरून पाहिले तर घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरते आणि वेग मंदावला की डावीकडे उतरते, हा तिचा स्वभाव आहे. समोरून वारा आला की तिला हवेचा वेग वाढल्यासारखा होतो, त्यामुळे ती उजवीकडे कलते, उचलली जाते आणि पल्ला न गाठता पडते. अशा वाऱ्यात जड आणि न कलणारी डिस्क घ्यावी, हे कोणीही जाणता खेळाडू सांगेल. पण जड डिस्क म्हणजे बुडणारी डिस्क. आम्ही खेळत होतो संध्याकाळी, कारण ऊन उतरलेले असते आणि सगळ्यांना वेळ असतो. आमच्या किनाऱ्यावर दुपारनंतर खारा वारा समुद्रावरून जमिनीकडे वाहतो, म्हणजे पाचव्या होलवर तो थेट तोंडावर येतो. त्या वाऱ्यात हलकी डिस्क घेऊन मी वीस फेकी केल्या तेव्हा चारच दोरीपलीकडे गेल्या. बुडणारी डिस्क घेतली तर ती खाडीत राहण्याचा धोका, तरंगणारी घेतली तर ती पाण्यात जाण्याची जवळजवळ खात्री. आठवडाभर मी याच विचारात होतो आणि पाचवा होल काढून टाकावा, या निर्णयापर्यंत जवळपास आलो होतो.

वाट दाखवली ती तात्यांनी. तात्या सत्तरीचे आहेत, अजून होडी घेऊन मुखापर्यंत जातात. बांधावर बसून मी त्यांना सगळे सांगितले. त्यांनी डिस्क हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि विचारले, “तुम्ही संध्याकाळीच का खेळता? सकाळी मतलई असतो की.”

मतलई वारा मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर निवते, म्हणून पहाटेपासून ऊन तापेपर्यंत वारा जमिनीकडून समुद्राकडे, आमच्याकडे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतो. जुन्या होड्या त्याच्यावरच बाहेर पडत. पाचव्या होलवर तो पाठीमागून येतो, हे माझ्या लक्षात यायला हवे होते आणि आले नव्हते. पाठच्या वाऱ्यात डिस्क कमी कलते, सरळ राहते, आणि हलकी डिस्क तर त्यावर खुलते. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला मी निळी डिस्क घेऊन खाचरात गेलो. वीसांपैकी सोळा फेकी दोरीपलीकडे पडल्या.

तात्यांनी त्यापुढचेही सांगितले, आणि मला ते जास्त मोलाचे वाटते. डिस्क तरंगते एवढ्याने ती परत मिळत नाही. ती कुठे जाते ते पाणी ठरवते. भरती चढत असताना फाट्यातले पाणी दक्षिणेला बांधाकडे येते. बांधातल्या उघाडीची झडप बाहेरच्या पाण्याच्या दाबाने आपोआप बंद होते, म्हणून त्या वेळी पाण्यावर पडलेले पान, नारळाची झावळी, काहीही असो, उघाडीच्या तोंडाशी येऊन थांबते. ओहोटी लागली की बाहेरचा दाब कमी होतो, झडप उघडते, आतले गोडे पाणी बाहेर पडते आणि तोंडाशी साठलेले सगळे मोठ्या खाडीत आणि तिथून समुद्रात जाते. माझी नारिंगी डिस्क ओहोटीला फेकलेली होती. तीच भरतीला फेकली असती आणि तरंगणारी असती, तर वीस मिनिटांत बांधावर बसून झाऱ्याने काढता आली असती.

आता दोन्ही गोष्टी एकत्र आणायच्या होत्या. सकाळी मतलई वारा असताना भरती चढती हवी, आणि खेळ संपेपर्यंत ओहोटी लागायला नको. पाऊणपटीचा हिशोब घेतला तर एकादशीला भरती सव्वाआठला पूर्ण होते, द्वादशीला नऊला आणि त्रयोदशीला पावणेदहाला. दशमीला ती साडेसातलाच होते, म्हणजे नीट उजाडेपर्यंत पाणी परतायच्या बेतात असते. अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकराला भरते, तेव्हा सकाळभर भरती मिळते खरी, पण ते उधाणाचे पाणी असते, त्याला ओढ फार आणि ते बांधाच्या माथ्याशी येते. षष्ठी-सप्तमीला भांगाचे पाणी अगदी शांत असते, परंतु भरती दुपारी साडेचार-पाचला पडते आणि त्या वेळी खारा वारा तोंडावर असतो. म्हणजे दोन्ही पक्ष मिळून महिन्यात सहा सकाळी पाचवा होल माझ्यासारख्या पल्ल्याच्या माणसाने खेळण्यासारखा असतो. आमच्या उघाडीपाशी भरती समुद्रापेक्षा थोडी उशिरा पोचते, तेवढी सवड हाताशी राहते.

पाण्यात उतरून डिस्क काढण्याबद्दल स्वतंत्रपणे सांगितले पाहिजे. परदेशात तळ्यांत उतरून हरवलेल्या डिस्क गोळा करणारे लोक आहेत. २०२२ साली फ्लोरिडातल्या लार्गो गावच्या एका तलावात डिस्क शोधायला उतरलेल्या माणसाला अॅलिगेटरने मारले. आमच्याकडेही सावित्री आणि वाशिष्ठी या नद्यांच्या खाड्यांत मगरी आहेत. दाभोळ खाडीत तर त्या दाखवायला पर्यटकांना होडीतून नेतात. तिथे असे मैदान आखण्याचा विचारही करू नये. आमच्या फाट्यात कोणी मगर पाहिलेली नाही, पण गाळ मांडीपर्यंत आहे, आणि गाळात रुतलेला माणूस भरतीच्या पाण्यात किती लवकर अडचणीत येतो ते गावात सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून आमचा नियम असा की डिस्क काठावरून, लांब दांड्याच्या झाऱ्यानेच काढायची. झारा पोचत नसेल तर तात्यांच्या होडीची वाट पाहायची.

सातव्या होलचा निर्णय सोपा आहे. तळे बांधाच्या आत आहे, पाणी गुडघाभर, तळ कातळाचा, आणि पडलेली डिस्क दिसते. अंतरही चाळीस मीटरच्या आत आहे. तो खेळायचा.

आठवा होल मी वगळणार आहे. यावर भाच्याचा आणि माझा मतभेद झाला, आणि त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. तो होल दिसायला सर्वांत सुंदर आहे. उजवीकडे माड, डावीकडे खाडी, समोर मुखाचा उजेड. त्याला फोरहँड चांगला येतो, त्यामुळे त्याची डिस्क शेवटी उजवीकडे, म्हणजे जमिनीकडे उतरते. माझी आणि गावातल्या बाकीच्या चौघांची बॅकहँडची फेक शेवटी डावीकडेच जाणार, आणि डावीकडे तिवरांची दाटी आहे. तिथे डिस्क तरंगणारी आहे की बुडणारी याने काही फरक पडत नाही. तिवराच्या भोवती चिखलातून बोटा-बोटाएवढी श्वसनमुळे शेकड्याने वर आलेली असतात, झाड त्यांतून हवा घेते. डिस्क शोधणारा माणूस खाली बघत नाही. हरवलेली डिस्क शोधायला नियमाने तीनच मिनिटे मिळतात, पण खेळ संपल्यावर माणसे परत येऊन तासभर शोधतात, हे मी कलमांच्या बागेत पाहिलेले आहे. मी एकदा त्या कांदळवनात आत गेलो होतो. परत फिरून पाहिले तर माझ्या पावलांच्या वाटेत मुळे मोडून आडवी पडली होती आणि खेकड्यांची बिळे बुजली होती. २०२० साली महाराष्ट्राने पांढऱ्या चिपीला राज्य कांदळवन वृक्षाचा दर्जा दिला. आमच्या काठावर तिवरांच्या मागे चिपीची तीन झाडे आहेत, आणि कालवे, कोळंबीची पिल्ले, बगळे सगळे त्यांच्याच आधाराने राहतात. त्या वाटेने पुन्हा कोणी जावे असे मला वाटत नाही.

भाच्याने तोडगा सुचवला की टी, म्हणजे पहिली फेक करायची जागा, पंधरा मीटर उजवीकडे, माडांच्या मागे न्यावी. मी तेही करून पाहिले. तिथून दहा फेकी केल्या, सात जमिनीवर राहिल्या, तीन सुतळीपलीकडे गेल्या. त्या तीन डिस्क मी वेळेवर काढल्या, कारण पाणी उतरलेले होते आणि त्या कडेलाच पडल्या होत्या. दहात तीन मला जास्त वाटतात. टोपली तिथून उचलून मी बांधाच्या आतल्या खाचरात, कोरड्या जागी ठेवली आहे. आठवा होल आता पंचावन्न मीटरचा आणि फारसा अवघड नसलेला झाला आहे.

काल रात्री मी भाच्याला लिहिले: पाचवा खेळू, सकाळी आठच्या आत, फक्त तरंगणाऱ्या तीन डिस्क पाण्यावर न्यायच्या, फेकण्याआधी माडाची झावळी पाहायची, ती खाडीकडे झुकत नसेल तर वळसा घ्यायचा, उघाडीवर झारा घेऊन एक जण बसेल, सातवा आहे तसा, आठवा कोरडा. त्याचे उत्तर आले, “साडेसातला बांधावर येतो, मामा. झारा मी धरतो आधी.”

आज दुपारी मी तिन्ही डिस्कच्या पोटावर पक्क्या शाईने घराचे नाव आणि फोन नंबर लिहिला, आणि निळ्या डिस्कच्या कडेला काकींनी दिलेली लाल लोकर गुंडाळून, पाण्यात लांबून दिसते का ते डोणीत पाहिले. दिसते, पण लोकर भिजून तिचे वजन वाढते आणि डिस्क पुन्हा दोन बोटे खाली जाते. लोकर काढून टाकली आहे. डिस्क अंगणात उन्हात वाळते आहे.